लाहोरहून पॅरिसला : ताजमहालावरील एका प्रबंधाची हकीकत

ताजमहाल कोणी बांधला, असा प्रश्न सातवीच्या वर्गात विचारला तर सगळे हात वर होतात आणि सगळ्यांच्या तोंडून एकच नाव निघते : शाहजहान. उत्तर चुकीचे नाही. पैसा त्याचा, हुकूम त्याचा आणि दुःखही त्याचेच. पण नकाशा कोणी काढला? घुमटाचा भार कोठे उतरवावयाचा हे कोणी ठरविले? असे विचारले की हात खाली येतात. एखादा धीट मुलगा मात्र उठून सांगतो, "सर, बादशहाने त्याचे हात तोडले." ही गोष्ट देशभर सांगितली जाते. समकालीन कागदपत्रांत तिला काडीचाही आधार नाही. आणि गंमत अशी की, हात तोडल्याचे सर्वांना ठाऊक असते. ज्याचे तोडले त्याचे नाव कोणालाच ठाऊक नसते.

त्या नावाच्या शोधाशी ज्यांचा निकटचा संबंध आला, अशा एका विद्वानाची ओळख या लेखात करून द्यावयाची आहे. त्यांचे नाव डॉ. मुहम्मद अब्दुल्ला चुगताई. ते लाहोरचे. सुप्रसिद्ध चित्रकार अब्दुर रहमान चुगताई यांचे ते बंधू. १९२८ साली निघालेल्या 'मुरक्का-ए-चुगताई' या गालिबच्या सचित्र दिवाणामुळे चित्रकार बंधूंचे नाव उर्दू वाचणाऱ्या घराघरांत पोचले. अब्दुल्लासाहेबांचे नाव मात्र ग्रंथालयाच्या कपाटातच राहिले. १९२९ च्या जानेवारीत अल्लामा इकबाल व्याख्यानांसाठी मद्रासला गेले, त्या प्रवासात अब्दुल्ला चुगताई त्यांच्या सोबत होते, एवढे सांगितले तरी त्यांची ऊठबस कोणत्या मंडळींत होती याची कल्पना येईल. पुढे हेच गृहस्थ पॅरिसला गेले आणि तेथे ताजमहालावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले. आणि परत आल्यावर ते नोकरीला कोठे लागले? आपल्या पुण्यात, येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात!

आग्र्याची इमारत समजून घेण्यासाठी लाहोरच्या माणसाने पॅरिसला का जावे, हा प्रश्न कोणाही समंजस माणसाच्या मनात येईल. त्याचे एक उत्तर सरळ आहे. कलेचा इतिहास हा विद्यापीठात शिकण्याचा, पदवी घेण्याचा स्वतंत्र विषय आहे, ही कल्पनाच त्या काळी आपल्याकडे रुजलेली नव्हती. ती वाढली जर्मन भाषेच्या मुलखात. स्टेला क्रामरिश या विदुषीने १९१९ साली व्हिएन्नाला भारतीय शिल्पावर डॉक्टरेट मिळविली. खुद्द लंडनमध्ये कलेतिहासासाठी कोर्टोल्ड इन्स्टिट्यूट निघाली ती १९३२ साली. दुसरे उत्तर जरा कडू आहे. आपली हस्तलिखितेच तिकडे गेली होती. शाहजहानच्या राजवटीचा अधिकृत इतिहास म्हणजे 'बादशाहनामा'. त्याची दरबारातील चित्रांनी नटलेली प्रत अवधच्या नबाबाने १७९९ साली इंग्लंडच्या राजाला भेट दिली, ती आजही विंडसरच्या राजवाड्यात आहे. ज्याला आपल्या घराचा इतिहास वाचावयाचा त्याने परक्याच्या घरी पाहुणा व्हावे, अशी ही तऱ्हा.

पॅरिसची वाट परदेशी विद्यार्थ्याला तशी सोयीची होती. फ्रान्समध्ये 'राज्याची डॉक्टरेट' ही मोठी पदवी असे. तिच्यासाठी आधी फ्रेंच पदव्या हव्यात. परदेशातून येणाऱ्यांची अडचण ओळखून १८९७ साली तेथे 'विद्यापीठाची डॉक्टरेट' नावाची वेगळी पदवी सुरू झाली. हिने फ्रान्समध्ये सरकारी प्राध्यापकी मिळत नसे, पण आपापल्या देशी परतून काम करणाऱ्याला ती पुरेशी होती. प्रबंध छापून मगच परीक्षकांपुढे ठेवण्याचा रिवाज तेथे होता. म्हणजे छपाईचा भुर्दंड विद्यार्थ्यावर! पण त्यातून एक फायदा झाला. आमच्याकडील कित्येक प्रबंध टंकलिखित स्थितीतच विद्यापीठाच्या माळ्यावर वाळवीच्या स्वाधीन होतात. चुगताईंचा प्रबंध मात्र १९३८ साली ब्रसेल्सला पुस्तकरूपाने छापून निघाला आणि जगभर गेला. आग्र्याचा ताजमहाल, त्याचा इतिहास आणि वर्णन, अशा अर्थाचे त्याचे साधेसुधे फ्रेंच नाव आहे.

त्याच सुमारास कैरोचे झकी मुहम्मद हसन हेही पॅरिसला इस्लामी कलेच्या अभ्यासासाठी होते. त्यांनी इजिप्तच्या तुलूनी घराण्यावर प्रबंध लिहिला आणि परत जाऊन कैरोच्या अरबी कलेच्या संग्रहालयात काम केले. मुस्लिम देशांतील तरुण आपल्याच मशिदी, मकबरे, मिनारांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करावयास युरोपची वाट धरू लागले होते, असा तो काळ.

भाषांचा विचार करा. चुगताई लाहोरचे, तेव्हा घरीदारी पंजाबी. लिहिणे-वाचणे उर्दूत. आधारग्रंथ सगळे फारसीत. शिलालेखांवर कुराणाच्या आयती, म्हणून अरबी हवी. कॉलेजचे शिक्षण इंग्रजीत. आणि प्रबंध लिहावयाचा फ्रेंचमध्ये! एका इमारतीसाठी सहा भाषा. आपल्या मुलांना घरी उर्दू किंवा कोकणी, शाळेत मराठी, हिंदी, इंग्रजी शिकावी लागते म्हणून आपण हळहळतो. मला तर वाटते, ही हळहळ उलटी आहे. चार भाषांत वावरणाऱ्या मुलाजवळ केवढे भांडवल आहे हे कोणी त्याला सांगितलेलेच नसते.

आता मूळ वादाकडे वळू. पोर्तुगीज मिशनरी सेबास्तियान मान्रिके १६४०-४१ च्या सुमारास आग्रा व लाहोर येथे होता. ताजचा नकाशा जेरोनिमो व्हेरोनियो नावाच्या व्हेनिसच्या कारागिराने काढला, असे त्याने लिहून ठेवले. व्हेरोनियो हा सोनार-जवाहिरा. तो १६४० मध्ये लाहोरला वारला. त्याची मालमत्ता ज्या पाद्र्याच्या हाती होती त्याच्याकडून मान्रिकेने ही हकीकत ऐकली. म्हणजे ही साक्ष ऐकीव, तीही माणूस मेल्यानंतरची. पण विन्सेंट स्मिथसारख्या मातबर इतिहासकाराने १९११ साली आपल्या कलेतिहासाच्या ग्रंथात ती उचलून धरली. दुसरे एक नाव घेतले जाई ते फ्रान्सच्या बोर्दो गावच्या ऑगस्टिनचे. तिसरे उस्ताद ईसाचे. ते बरेच अलीकडच्या हस्तलिखितांत येते आणि आग्र्याचे वाटाडे ते अजून सांगतात.

स्मिथच्या मताला विरोध झालाच नाही असे नव्हे. कलकत्त्याच्या कलाशाळेचे प्राचार्य हॅवेल हे इंग्रजच, पण ताज ही युरोपियन डोक्यातून निघालेली वस्तू नव्हे असे त्यांनी ठासून सांगितले. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी १६३१ ते १६३३ च्या दरम्यान आग्र्याला होता, तो व्हेरोनियोला ओळखत होता, ताजचे काम सुरू झालेले त्याने पाहिले. त्याने व्हेरोनियोला ताजचा शिल्पकार म्हटलेले नाही. टॅव्हर्नियेने वीस हजार मजूर व बावीस वर्षे असा हिशेब लिहिला, पण युरोपियन शिल्पकाराचा उल्लेख त्यानेही केला नाही. आपल्या जातभाईने एवढी मोठी कामगिरी केली असती तर दोघेही गप्प बसले असते काय?

मग बादशाही कागद काय सांगतात? मुमताजमहल जून १६३१ मध्ये बऱ्हाणपूरला वारली. पुढच्या वर्षी आग्र्याला काम सुरू झाले. अब्दुल हमीद लाहोरीच्या 'बादशाहनाम्या'त ताजचे तपशीलवार वर्णन आहे, पन्नास लाख रुपये खर्चाचा आकडा आहे, मकरमतखान आणि मीर अब्दुल करीम या दोन देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे आहेत. सुलेखनकार अमानतखान शिराझी याने तर संगमरवरावर स्वतःचे नाव कोरून ठेवले आहे. नाही ते फक्त नकाशा काढणाऱ्याचे नाव. दरबारी इतिहासकाराच्या दृष्टीने शिल्पकार एकच, खुद्द बादशहा!

ही कोंडी फुटली ती एका कवितासंग्रहामुळे. बंगळूरच्या एका खासगी संग्रहात 'दीवान-ए-मुहन्दिस' नावाचे फारसी हस्तलिखित निघाले. मुहन्दिस म्हणजे भूमिती जाणणारा, आजच्या भाषेत इंजिनियर. कवीचे नाव लुत्फुल्ला. आपले वडील उस्ताद अहमद लाहोरी यांना बादशहाने 'नादिर-उल-असर' हा किताब दिला होता, त्यांनीच मुमताजमहलचा रौझा आणि दिल्लीचा किल्ला बांधला, असे त्याने काव्यात सांगून ठेवले आहे. सय्यद सुलेमान नदवी यांनी १९३० नंतरच्या वर्षांत हे हस्तलिखित विद्वानांपुढे आणले. चुगताईंनी १९३७ साली हैदराबादच्या 'इस्लामिक कल्चर' या इंग्रजी त्रैमासिकात या घराण्यावर लेख लिहिला, त्याचे नावच 'थोर मोगल शिल्पकारांचे एक घराणे' अशा अर्थाचे आहे. पुढच्याच वर्षी प्रबंध आला. १९४० साली त्याच त्रैमासिकात, ताजच्या बांधणीत काही युरोपियन अंश आहे काय, या प्रश्नावर त्यांनी स्वतंत्र लेख लिहिला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. उस्ताद अहमदचा पुरावा म्हणजे मुलाने बापाविषयी दिलेली साक्ष. कोर्टात ती तेवढ्यावर टिकेल का? म्हणून इतिहासकार दुसरीकडचा आधार शोधतो. दिल्लीच्या किल्ल्याचे काम १६३९ साली सुरू झाले तेव्हा उस्ताद अहमद व उस्ताद हमीद ही नावे त्या काळच्या इतिहासग्रंथांत येतात, म्हणजे लुत्फुल्लाच्या दोन दाव्यांपैकी एकाला तरी बाहेरची पुष्टी मिळते. मांडूला होशंगशहाच्या कबरीच्या दाराशी १६५९ चा एक लेख आहे. शाहजहानचे चार शिल्पकार ती संगमरवरी कबर पाहून नमस्कार करावयास आले होते, त्याची ती नोंद. त्यात लुत्फुल्ला मुहन्दिस हा उस्ताद अहमदचा मुलगा म्हणून हजर आहे. सोबत खाजा जादूराय, उस्ताद शिवराम आणि उस्ताद हमीद. ताज बांधणाऱ्यांचे बिरादर दोनशे वर्षांपूर्वीच्या मकबऱ्यासमोर हात जोडून उभे आहेत, असे हे चित्र. स्वाभिमानापोटी 'ताज आमच्याच माणसाने बांधला' असे ओरडणे सोपे असते. त्या दाव्याला एकेक खुंटी ठोकून घट्ट करणे हे काम निराळे. आणि चुगताईंसारखी माणसे परदेशात जाऊन शिकली ती हे दुसरे काम.

या घराण्याचा धागा आपल्या महाराष्ट्रात येतो. उस्ताद अहमदचा दुसरा मुलगा अताउल्ला. औरंगाबादचा (आता छत्रपती संभाजीनगर) बीबी का मकबरा त्याच्या देखरेखीखाली झाला. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ती कबर. ताजची नक्कल, गरिबाचा ताज, अशी नावे ठेवून लोक पुढे जातात. मी दोनदा विद्यार्थ्यांची सहल तेथे नेली आहे. मुले कारंज्याजवळ उभी राहून फोटो काढतात. प्रवेशद्वाराच्या कवाडाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्या पितळी पत्रा मढविलेल्या कवाडावर लेख आहे. त्यात हिजरी सन १०७१ आहे आणि दोन नावे आहेत : अताउल्ला आणि हंसपतराय. शिल्पकार मुसलमान, त्याच्या बरोबरीने नाव कोरलेला कारागीर हिंदू. मांडूच्या लेखातही तोच प्रकार आपण पाहिला. याच्यावर भाषण ठोकण्याची मला गरज वाटत नाही. नावे कोरलेली आहेत, ती वाचावीत.

ज्याला बाप ताजमहाल बांधताना दिसला, त्याने औरंगाबादला घुमट चढविताना काय विचार केला असेल? पैसा कमी होता. टॅव्हर्नियेने सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना या कामासाठी संगमरवर वाहणाऱ्या सुमारे तीनशे गाड्या पाहिल्या. लहानात लहान गाडीला बारा बैल. एवढी वाहतूक जेथे करावी लागते तेथे सर्व इमारत संगमरवराची कशी व्हावी? म्हणून खालच्या भागी आणि घुमटाला संगमरवर, बाकी चुन्याची घोटीव गच्ची. ताजच्या शेजारी ठेवले तर मकबरा उणा दिसणारच. पण दख्खनच्या उन्हापावसात हा चुना साडेतीनशे वर्षांहून अधिक टिकला, याबद्दल त्या गवंड्यांना कोणी शाबासकी देत नाही.

या अताउल्लाची आणखी एक कामगिरी आहे, ती गणिताच्या शिक्षकांनी जरूर ऐकावी. १६३४-३५ च्या सुमारास त्याने भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'चे फारसीत भाषांतर केले आणि ते शाहजहानला अर्पण केले. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चंगदेव याने मठ स्थापिल्याचा १२०७ चा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. पाटणपासून मकबरा काही फार लांब नाही. भास्कराचार्यांचे बीजगणित फारसीत नेणारा माणूस पुढे त्याच परिसरात घुमटाची गणिते सोडविण्यास आला, हा योग इतिहासातच घडू शकतो.

आता पुण्याकडे. जुने डेक्कन कॉलेज सरकारने १९३४ मध्ये बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी चिकाटीने लढा दिला आणि ऑगस्ट १९३९ मध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. पहिल्या अध्यापकांची नावे पाहा. भाषाशास्त्राचे कत्रे लंडनचे पीएच. डी. इरावतीबाई कर्वे बर्लिनच्या. हसमुख सांकलिया लंडनचे. चुगताई पॅरिसचे. परदेशात शिकलेली ही मंडळी येरवड्याच्या माळावर एकत्र आली आणि महाराष्ट्राच्या संशोधनाचा पाया घातला गेला.

सांकलियांची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण तीही त्याच वर्षांतली. मुंबईला नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहून ते १९३४ मध्ये लंडनला गेले. गुजरातच्या पुरातत्त्वावर, तेथील मंदिरे व मूर्तींसह, त्यांनी दोन वर्षांत काम पूर्ण केले. परंतु नुसते ग्रंथालयात बसून राहिले नाहीत. मॉर्टिमर व्हीलर तेव्हा मेडन कासल येथे उत्खनन करीत होते, तेथे जाऊन त्यांनी मातीत हात घातले. नेवासे, जोर्वे, इनामगाव ही नावे आज पाठ्यपुस्तकांत आहेत, ती या हातांमुळे.

चुगताईंनी पुण्यात असताना केलेले महत्त्वाचे काम म्हणजे अहमदाबादच्या मुस्लिम वास्तूंचा त्यांच्या शिलालेखांच्या आधारे केलेला अभ्यास. डेक्कन कॉलेजच्या बुलेटिनात तो १९४२ साली प्रसिद्ध झाला. त्याची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. मशिदीच्या मेहराबीवर किंवा दारावर एक दगडी पाटी असते. तिच्यात बहुधा आयत किंवा हदीस, मग सुलतानाचे नाव, मग ज्याने पैसा दिला त्याचे नाव आणि शेवटी सन. कधी सन आकड्यांत नसतो; एखाद्या शब्दसमूहात लपविलेला असतो. अलिफचा १, बेचा २, जीमचा ३, दालचा ४, असे करीत गैनपर्यंत १००० होतात. अक्षरांची बेरीज केली की साल निघते. हे अवघड वाटण्याचे कारण नाही. 'बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम'ची बेरीज ७८६ येते हे आपल्याकडे रिक्षावाल्यालाही ठाऊक असते. तीच युक्ती. त्यानंतर हिजरीचे इसवी करावयाचे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून नुसते ५७९ किंवा ६२२ मिळवून भागत नाही. ३३ हिजरी वर्षे म्हणजे जवळजवळ ३२ सौर वर्षे असा हिशेब धरावा लागतो. मकबऱ्याच्या कवाडावरील १०७१ हे वर्ष १६६० च्या सप्टेंबरात सुरू होते, म्हणून आपण १६६०-६१ असे लिहितो.

फाळणीनंतर चुगताईंचे पुढचे काम लाहोरला झाले. बादशाही मशीद आणि वझीरखानाची मशीद यांवर त्यांनी पुस्तके लिहिली. पुण्यात त्यांची आठवण फारशी निघत नाही.

हा विषय आज कोणी परदेशात शिकू म्हणेल तर काय वाटेत येते? इंग्लंडमध्ये एम. ए. नंतर थेट प्रबंध, तीन-चार वर्षांचा. अमेरिकेत आधी दोनेक वर्षे वर्गात बसावयाचे, मग भाषांच्या परीक्षा, मग सर्वंकष परीक्षा, मग प्रबंधाचा आराखडा, मग वर्ष-दीड वर्ष हस्तलिखिते व वास्तू पाहत फिरणे आणि शेवटी लेखन. सहा-सात वर्षे सहज जातात. भाषांच्या परीक्षेत जर्मन आणि फ्रेंच यांचा मान जुना. कारण या शास्त्राचे निम्मे वाङ्मय त्या भाषांत आहे. दख्खनवर काम करणाऱ्याला त्याशिवाय फारसी हवी आणि मोडीही हवी. इस्लामी वास्तुकलेसाठी हार्वर्ड व एम. आय. टी. येथे १९७९ पासून आगाखान कार्यक्रम चालतो. त्यातील नामवंत प्राध्यापक ओलेग ग्राबार हे स्वतः स्ट्रासबुर्गला जन्मलेले, प्रिन्स्टनला १९५५ साली डॉक्टर झालेले. परक्या देशात शिकून परक्यांच्याच मशिदींचा अभ्यास त्यांनी जन्मभर केला. विषयावर मालकी जन्माने येत नाही, असेही यावरून दिसते.

पैशाचे काय? मोठ्या अमेरिकन विद्यापीठांत डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याला बहुधा शुल्कमाफी व निर्वाहापुरती रक्कम मिळते, त्याबदल्यात खालच्या वर्गांना शिकवावे लागते. फुलब्राइट आहे, राष्ट्रकुल शिष्यवृत्ती आहे. जे. एन. टाटा एंडाउमेंट तर १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ मदत देते, आणि ती जात-धर्म पाहत नाही. अल्पसंख्य विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणकर्जावरील व्याजाचा भार उचलणारी केंद्र सरकारची 'पढो परदेश' योजना मात्र २०२२-२३ पासून बंद झाली. त्याच वर्षी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपही बंद करण्यात आली. आणि २०२२ च्याच नियमांत केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा व इतिहास हे विषय वगळले गेले. ही शिष्यवृत्ती मुख्यतः अनुसूचित जाती, भटके, भूमिहीन मजूर, पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी. भारताचा इतिहास शिकण्यासाठी परदेशात कशाला, असा त्यामागचा विचार असावा. विंडसरचा 'बादशाहनामा' आणि लंडन-पॅरिसच्या कपाटांतील फारसी पोथ्या याचे उत्तर देऊ शकतील.

मार्ग बंद झालेला नाही. पुण्याचे पुष्कर सोहोनी यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून कलेतिहासात डॉक्टरेट केली, विषय अहमदनगरच्या निजामशाहीची वास्तुकला. फराहबागेचे जे भग्न महाल पाहून नगरचे (आता अहिल्यानगर) लोक फक्त सायंकाळी हवा खाऊन येतात, त्यांवर त्यांचे इंग्रजी पुस्तक २०१८ साली आले. बाहेरून आलेल्यांनीही ताजचा पाठपुरावा सोडलेला नाही. व्हिएन्नाच्या एब्बा कोख यांचा ताजवरील मोठा ग्रंथ २००६ चा आहे.

"पण सर, हे शिकून मुलगा खाईल काय?" पालकसभेत हा प्रश्न हटकून येतो, आणि तो रास्त आहे. त्याला माझ्याजवळ एक नाव आहे. झियाउद्दीन अहमद देसाई. गुजरातेतील धंधुक्याचे. १९५९ साली तेहरान विद्यापीठाचे डी. लिट. झाले. म्हणजे यांनी परदेश निवडला तो इराण. फारसीसाठी फारसीच्याच घरी गेले. भारतीय पुरातत्त्व खात्याची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा आपल्या नागपुरात आहे, तेथून त्यांनी वर्षानुवर्षे काम केले आणि १९८३ मध्ये निवृत्त झाले. सरकारी नोकरी, पगार, पेन्शन, सर्व काही. 'भारतातील मशिदी' हे त्यांचे छोटे इंग्रजी पुस्तक प्रकाशन विभागाने १९६६ साली काढले. निवृत्तीनंतर अमेरिकन अभ्यासक बेगली यांच्याबरोबर त्यांनी ताजविषयीची सतराव्या शतकातील अस्सल साधने एकत्र करून इंग्रजीत आणली. तो ग्रंथ १९८९ साली प्रसिद्ध झाला. व्हेरोनियोचा दावा, उस्ताद ईसाची दंतकथा, लुत्फुल्लाचे काव्य, 'बादशाहनाम्या'चे उतारे, हे सर्व आता इंग्रजी जाणणाऱ्या कोणालाही स्वतः वाचून पाहता येते.

शिलालेखाचा ठसा घेताना आधी दगड स्वच्छ धुतात. त्यावर ओला कागद बसवून ब्रशने ठोकतात, म्हणजे तो अक्षरांच्या खाचांत उतरतो. मग शाईच्या बोंडाने हळूहळू थापटत जातात. कागद वाळला की काळ्या जमिनीवर पांढरी अक्षरे उभी राहतात. आपल्या तालुक्याच्या जुन्या मशिदीत वजूच्या हौदाशेजारी जी पाटी चुन्याने अर्धी बुजलेली आहे, तिच्यावर कोणते साल आहे, हे आमच्या शाळेतील कोणालाही अजून सांगता आलेले नाही. दर ईदला तिच्यावर नवा चुना चढतो.